पॅरिस आयलंडहून आलेली नऊ पत्रे

कृष्णाकाठ

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत वाढला. बारावी झाल्यावर त्याने कॉलेज पुढे ढकलले, अमेरिकेच्या मरीन कोअरमध्ये भरती व्हायचे ठरवले आणि जानेवारी २०१९ मध्ये तो दक्षिण कॅरोलायनातल्या पॅरिस आयलंड या प्रशिक्षण तळावर दाखल झाला. वाईच्या आमच्या घरात 'मरीन' म्हणजे बोटीवरची नोकरी, अशीच समजूत बरेच दिवस होती. हे दल नौदल खात्याच्या अखत्यारीत येत असले तरी त्यातले सैनिक किनाऱ्यावर उतरून लढतात आणि त्याची परंपरा १७७५ पासूनची आहे, हे मी आईला दोनतीनदा समजावून सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, त्याला पत्र कुठल्या पत्त्यावर घालायचे. तो प्रश्न किती नेमका होता, हे आम्हांला पुढच्या आठवड्यात कळले.

मरीन कोअरचे मूलभूत प्रशिक्षण तेरा आठवड्यांचे असते. पहिल्याच रात्री मुलांचे फोन काढून घेतले जातात. त्याआधी घरी एक फोन करू देतात, पण तो बोलण्यासाठी नसतो. समोर लिहून ठेवलेली चारपाच वाक्ये मोठ्याने वाचायची असतात : मी सुखरूप पोचलो आहे, खाण्याच्या किंवा मोठ्या आकाराच्या वस्तू पाठवू नका, माझा पत्ता काही दिवसांत टपालाने कळवीन. एवढे वाचून झाले की फोन ठेवायचा. ताईने त्याला मध्येच हाक मारली, पण तो वाचतच राहिला आणि फोन बंद झाला. त्यानंतर आठवडाभर ती नीट जेवली नाही. मुलाचा आवाज ऐकला खरा, पण तो आपला वाटला नाही, असे ती मला सांगत होती.

त्यानंतरचे तीन महिने सगळा संबंध कागदावर राहिला. रात्री झोपण्यापूर्वी मुलांना तासभर मोकळा वेळ मिळे आणि त्यातच बूट, कपडे, अंघोळ, उद्याची तयारी आणि आलेली पत्रे वाचणे, हे सगळे उरकावे लागे. सविस्तर लिहायला रविवारची सकाळ तेवढी हाती येई. या हिशेबाने त्याची एकूण नऊ पत्रे आली. पहिले पोस्टकार्डाएवढे होते. दुसऱ्यात त्याने तिकिटे आणि पाकिटे मागितली. तिसऱ्यात पायाला आलेल्या फोडांचा ओझरता उल्लेख होता आणि खाली, 'आणखी पत्रे पाठवा, काहीही लिहा, रोजचे लिहा,' अशी विनंती होती.

चौथ्या पत्राविषयी मला सविस्तर सांगायचे आहे. प्रशिक्षणाच्या काळात तिथे कोणीही स्वतःला 'मी' म्हणू शकत नाही. प्रत्येकाने स्वतःचा उल्लेख 'धिस रिक्रूट', म्हणजे 'हा नवा भरती झालेला', असा करायचा असतो. पाणी हवे असेल तर 'या रिक्रूटला पाणी प्यायला जाण्याची परवानगी हवी आहे' असे बोलावे लागते. चौथ्या पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात त्याने 'धिस रिक्रूट इज' एवढे लिहून ते खोडले होते आणि पुढे 'आय अ‍ॅम' असे लिहिले होते. ताईला वाटले, हात चुकला असेल. मला मात्र वाटते की दिवसभरात 'मी' म्हणायची मुभा त्याला त्या कागदावरच होती आणि तिथे पोचल्यावरही त्या शब्दापर्यंत यायला त्याला एक शब्दसमूह खोडावा लागला. पेनाचा दाब इतका होता की खाडाखोडीच्या जागी कागद मागच्या बाजूने उंचावला आहे.

आईच्या पत्रांची व्यवस्था आम्ही अशी लावली. वाईहून टाकलेले पत्र तिथे पोचेपर्यंत प्रशिक्षणाचे दोनतीन आठवडे सरले असते. म्हणून आई कागदावर लिही, मी त्याचा फोनवर फोटो काढून ताईला पाठवी आणि ताई तो घरच्या यंत्रावर छापून साध्या पांढऱ्या पाकिटातून टपालात टाकी. पाकिटावर नक्षी, चित्रे किंवा रंगीत चिकटपट्ट्या नकोत, कारण मुलाकडे सगळ्यांचे लक्ष जाईल असे काही करू नये, असे अनुभवी पालकांनी तिला बजावले होते. भाच्याने रविवारच्या मराठी शाळेत देवनागरी शिकली होती आणि तो अक्षरे जुळवून वाचत असे. त्यामुळे आई मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहीत असे. वर 'श्री', खाली 'चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद' आणि मग हळद काढणीला माणसे मिळत नाहीत, पहिली हळद शिजली, कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला, घाटावर किती गर्दी झाली, शेजारच्यांची म्हैस व्याली, असा सगळा मजकूर. काळजीचा एकही शब्द नसे. अशी तिची अकरा पत्रे गेली आणि ताईची वीस.

प्रशिक्षण संपल्यावर मी सहज भाच्याला विचारले की आपली एकतीस पत्रे कुठे आहेत. त्याला लगेच सांगता आले नाही. त्याची नऊ पत्रे मात्र ताईने तारीखवार लावून एका डब्यात ठेवली आहेत.

तेव्हापासून ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. सैनिकाने घरी लिहिलेली पत्रे घरात टिकतात, कारण घर एका जागी असते. घरून सैनिकाला गेलेली पत्रे त्याच्याबरोबर फिरतात, भिजतात, फाटतात आणि शेवटी नाहीशी होतात. त्यामुळे संग्रहालयांत आणि पुस्तकांत आपण ज्याला युद्धकाळातला पत्रव्यवहार म्हणतो, तो बहुतेक वेळा त्याचा अर्धा भाग असतो. मुलगा एखाद्या प्रश्नाचे उत्तर देत असतो आणि तो प्रश्न कोणी, कसा विचारला होता, हे आपल्याला कळतच नाही. येथील सदस्यांपैकी कोणाच्या घरात दोन्ही बाजूंची पत्रे जपली गेली आहेत का? आणि गेली असतील तर ती कशामुळे टिकली?


टपालपेटी

धागा वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. मी टपाल खात्यातून प्रतिनियुक्तीवर सैन्य टपाल सेवेत गेलो होतो आणि माझे प्रशिक्षण नागपूरजवळ कामठीला झाले. ही सेवा १ मार्च १९७२ पासून सैन्यातले स्वतंत्र दल आहे आणि तिचे ब्रीद 'मेल मिलाप' असे आहे. अमेरिकेतल्या त्या मुलाला पहिल्या फोनवर पत्ता सांगता आला नाही, हे वाचून मला आमच्या जवानांच्या घरच्यांची आठवण झाली. आपल्याकडे जवानाच्या पत्त्यात गावाचे नाव नसतेच. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) एवढेच. पहिल्याचे टपाल दिल्लीमार्गे जाते आणि दुसऱ्याचे कोलकात्यामार्गे. पलटण राजस्थानातून उचलून बर्फात नेली तरी आईने लिहायचा पत्ता तोच राहतो. यामुळे गुप्तता सांभाळली जाते, हे तर खरेच, पण त्या पत्त्यामुळे आईला आणखी एक आधार मिळतो, असे मला कायम वाटत आले आहे. मुलगा कुठे आहे हे तिला ठाऊक नसते आणि तरीही पत्र त्याच्यापर्यंत पोचते.

आपण घरच्या पत्रांचे काय होते असे विचारले आहे. मी पाहिले ते सांगतो. जवानाच्या लोखंडी ट्रंकेत झाकणाच्या आतल्या बाजूला देवाचे चित्र चिकटवलेले असते आणि त्याच्या मागे चारदोन अंतर्देशीय पत्रे खोचलेली असतात. त्याहून जास्त ठेवायला जागा नसते. पलटण हलते तेव्हा सामानाचे वजन ठरलेले असते, बूट सोडता येत नाहीत, स्वेटर सोडता येत नाही, मग पत्रेच जातात. पण ती टाकण्याआधी जवान ती पुन्हा एकदा वाचताना मी पाहिले आहेत. एकाने तर पत्र फाडण्यापूर्वी त्यातला मजकूर मला वाचून दाखवला होता. त्यात विहिरीला किती परस पाणी लागले, एवढेच होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माझ्या नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत कितीतरी घरांतली पत्रे आईच्या हातची नसत. ती सांगे आणि गावातला मास्तर, पोस्टमन किंवा शाळेत जाणारी पुतणी लिही. अक्षर एकाचे, शब्द दुसऱ्याचे. मुलाला अर्थातच ते कळे आणि कोणत्या ओळीत आई बोलते आहे आणि कोणत्या ओळीत मास्तर, हे तो बरोबर ओळखे.


अभिलेख

धागालेखकांनी फोटो काढून पत्र पाठवण्याची जी युक्ती केली, तीच युक्ती दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सरकारने फार मोठ्या प्रमाणावर वापरली होती आणि पॅसिफिकमधल्या मरीन सैनिकांच्या घरांना ती चांगली परिचयाची होती. तिचे नाव 'व्ही-मेल'. १५ जून १९४२ रोजी ती सुरू झाली. घरच्यांनी ठरावीक आकाराच्या कागदाच्या एकाच बाजूला लिहायचे, त्याचे १६ मिलिमीटरच्या फिल्मवर छायाचित्र घेतले जाई, ती फिल्म विमानाने नेली जाई आणि पलीकडे प्रत्येक पत्र कागदावर छापून सैनिकाच्या हाती दिले जाई. छापलेला कागद मूळ कागदापेक्षा बराच लहान असल्यामुळे बारीक अक्षर लिहिणाऱ्यांची पत्रे वाचताना डोळे ताणावे लागत. हा सगळा खटाटोप जागेसाठी होता. दीड लाख एकपानी पत्रांना टपालाची ३७ पोती लागत आणि त्यांचे वजन २५७५ पौंड भरे, तीच पत्रे फिल्मवर घेतली की एका पोत्यात मावत आणि वजन ४५ पौंड होई. जहाजात आणि विमानात तेवढी जागा दारूगोळ्याला आणि औषधांना मिळे.

आपल्या मुद्द्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मूळ कागद पलीकडे प्रत सुखरूप पोचेपर्यंतच ठेवला जाई आणि नंतर नष्ट केला जाई. म्हणजे आईच्या हाताने लिहिलेला कागद अमेरिकेतच संपला आणि त्याची छोटी प्रत पॅसिफिकमधल्या ग्वाडलकनाल बेटाच्या चिखलात संपली. आपल्या घरी मात्र मूळ कागद वाईला राहिला असणार. तो कोणी टाकून दिलेला नसेल तर आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्याच घरात आहे.

त्या काळच्या व्यवस्थेविषयी थोडे अधिक लिहितो, कारण घरून जाणाऱ्या पत्रांना सैनिकांची उत्तरे वरवरची का येत, हे त्याशिवाय उलगडत नाही. मरीन आणि नौसैनिक यांचे टपाल 'फ्लीट पोस्ट ऑफिस' या नौदलाच्या टपालव्यवस्थेमार्फत जाई आणि पॅसिफिकसाठी पत्त्याच्या शेवटी 'सॅन फ्रान्सिस्को' असे लिहावे लागे. प्रत्यक्षात मुलगा तिथून हजारो मैल दूर असे. सैनिकांची पत्रे त्यांच्याच तुकडीतले अधिकारी वाचून तपासत आणि जागेचे नाव, हालचाल, जहाज, नुकसान यांपैकी काही आढळले तर कापून टाकत. ज्या अधिकाऱ्याच्या हुकमावरून सकाळी पुढे सरकायचे, त्यानेच आपले आईला लिहिलेले पत्र रात्री वाचायचे, ही कल्पना करून पाहावी. एकोणीसवीस वर्षांचा मुलगा त्या स्थितीत हवामान, जेवण आणि मित्र यांविषयीच लिहिणार. रोजनिशी ठेवायलाही मनाई होती. पेलेलू आणि ओकिनावा या पॅसिफिकमधल्या बेटांवर लढलेल्या युजीन स्लेज या मरीनने आपल्या नोंदी खिशातल्या बायबलच्या पानांत लपवून ठेवल्या आणि पुढे त्या नोंदींवरून आपल्या आठवणी लिहिल्या. त्याने जे बायबलात लिहिले, ते त्याला घरी लिहिता येणे शक्यच नव्हते.

एक लहानशी गोष्ट सांगून थांबतो. बायका पत्रावर ओठांचा लाल ठसा उमटवून पाठवत आणि तो रंग व्ही-मेलच्या यंत्रांत चिकटून बसे, त्यामुळे असे ठसे उमटवू नयेत, अशी विनंती टपाल यंत्रणेला करावी लागली होती.


अनुस्वार

सर्वांचे प्रतिसाद मनापासून आवडले, तरी एक शंका मांडते. घरची पत्रे टिकायलाच हवीत, असे आपण गृहीत धरत आहोत. मुलाने ती टाकली असतील, तर तो त्याचा अधिकार नाही का? ती त्याला लिहिलेली होती. माझ्या वडिलांनी आजीची सगळी पत्रे आपल्या हाताने नदीत सोडली आणि आम्हांला ती वाचू दिली नाहीत. तेव्हा राग आला होता. आज वाटते की त्या दोघांतले बोलणे त्यांनी त्या दोघांतच ठेवले. चौथ्या पत्रातल्या खाडाखोडीविषयी इथे लिहिण्यापूर्वी आपण भाच्याला विचारले होते ना?


कृष्णाकाठ

होय, विचारले होते. तो आता चोवीस वर्षांचा आहे. खाडाखोडीविषयी लिहायला त्याने हरकत घेतली नाही, पण सहाव्या पत्रातले काही लिहू नका, असे त्याने सांगितले आहे आणि म्हणून मी ते लिहिलेले नाही. आपली शंका रास्त आहे. टाकून देण्याचा त्याचा अधिकार मी नाकारत नाही. मला खंत याची आहे की बहुतेकांना टाकायचे की ठेवायचे, हे ठरवायची संधीच मिळत नाही. टपालपेटी यांनी सांगितलेल्या त्या जवानाने पत्र फाडण्यापूर्वी वाचले, तसे वाचायलाही वेळ न मिळालेले किती असतील.

अभिलेख यांचे विशेष आभार. त्यांचा प्रतिसाद वाचून मी आईचे कपाट उघडले. अकराच्या अकरा मूळ कागद सापडले. ते जपून ठेवावेत असे आम्हां कोणाच्याही मनात आले नव्हते. फोटो काढल्यावर आई ते आपल्या पोथ्यांच्या फडक्यात ठेवत गेली, एवढेच.


फीतवाला

व्हिएतनाममधल्या एका मरीनची हकिकत इथे सांगायला हवी, कारण घराशी बोलण्याचा त्याचा मार्ग निराळा होता. मायकेल बॅरोनोव्स्की हा लान्स कॉर्पोरल १९६६ साली व्हिएतनामला जाताना स्वतःबरोबर फीत फिरणारे ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन गेला. पत्र लिहिण्याऐवजी तो घरच्यांसाठी बोलत असे. खंदकातल्या गप्पा, मित्रांची थट्टामस्करी, जेवणाविषयीची कुरकुर आणि मध्येच खऱ्या गोळीबाराचे आवाज, असे सगळे त्या फितींवर आले. सुमारे दोन महिने त्याने असे ध्वनिमुद्रण केले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तो मारला गेला. त्यानंतर चौतीस वर्षांनी त्याचा सोबती टिम डफी याने त्या फिती पुढे आणल्या आणि २००० साली अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओवर त्यांतले निवडक भाग प्रसारित झाले. मी ते अनेकदा ऐकले आहे. लिहिलेल्या पत्रात माणूस थांबतो, खोडतो, शब्द निवडतो. त्या फितीत तो बोलता बोलता थबकतो, बाहेरचा आवाज कानोसा घेऊन ऐकतो आणि आपणही त्याच्याबरोबर ऐकत राहतो. आईने ती फीत पहिल्यांदा लावली असेल तेव्हा तिला काय वाटले असेल, हे माझ्या मनात दर वेळी येते.

त्या युद्धात सैनिकांना तिकीट लावावे लागत नसे. पाकिटाच्या कोपऱ्यात तिकिटाच्या जागी हाताने 'फ्री' असे लिहिले की पत्र घरी पोचे. कागद नसेल तेव्हा शिधा ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येई, त्याचा तुकडा फाडून त्यावर मजकूर लिहीत आणि तोच पोस्टकार्डासारखा टाकत. असे पुठ्ठे आजही कितीतरी अमेरिकन घरांत जपून ठेवलेले आहेत. घरून गेलेल्या पत्रांची अवस्था मात्र धागालेखक म्हणतात तशीच झाली. सगळे सामान पाठीवर, वर पाऊस, अंगाला घाम. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शिरस्त्राणाच्या आत खोचलेले पत्र तेवढे काही दिवस कोरडे राहायचे.


सातारारोड

साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव इथल्या पुष्कळांना ठाऊक असेल. पहिल्या महायुद्धात त्या गावातली ४६ माणसे कामी आली आणि गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला. त्या माणसांनी घरी पत्रे पाठवली असतील आणि घरून त्यांना गेली असतील. माझ्या माहितीतल्या कोणत्याही घरात त्यांतला एक चिटोराही नाही. पावसाळी हवा, वाळवी, कुडाची घरे आणि वाचता न येणारी माणसे, अशी त्याची कारणे आहेत.

पण धागालेखकांच्या प्रश्नाला एक अनपेक्षित उत्तर त्याच युद्धात सापडते. १९१४ च्या अखेरीस हिंदी फौजा फ्रान्समध्ये होत्या तेव्हा त्यांच्या टपालावर नजर ठेवण्यासाठी एक तपासणी कचेरी उघडण्यात आली होती आणि कॅप्टन एव्हलिन हॉवेल हा अधिकारी तिचा प्रमुख होता. शिपायांची घरी जाणारी पत्रे तिथे वाचली जातच, शिवाय हिंदुस्थानातून येणारी पत्रेही उघडून पाहिली जात. त्यांतले उतारे इंग्रजीत भाषांतरित करून वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालांना जोडले जात आणि ते अहवाल आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रे गेली, मूळ भाषाही बहुतेक गेली, पण संशयाने वाचणाऱ्या परक्या माणसांच्या कागदपत्रांत दोन्ही बाजूंचे थोडे थोडे बोलणे शिल्लक राहिले. आपल्या घरात जे टिकले नाही ते तिथे टिकावे, याचे मला दुःख होते आणि ते टिकले याचा आनंदही होतो.

शिपायांना आपले पत्र वाचले जाते हे पक्के ठाऊक होते. म्हणून ते आडवळणाने लिहीत. एकाने काळी मिरी संपली असून आता लाल मिरची वापरली जात आहे, अशा अर्थाचे लिहिले होते. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे. घरच्यांनी अशा पत्राचा अर्थ लावला असेल आणि उत्तरात काय लिहिले असेल, हे जाणून घ्यायला मला फार आवडले असते.


दोन अंगणे

मी कॅलिफोर्नियात राहते. माझा मुलगा सॅन दिएगोच्या तळावर मरीन झाला आणि २००५ साली इराकमध्ये होता. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडची मुले साधारणपणे सॅन दिएगोला जातात आणि पूर्वेकडची पॅरिस आयलंडला, त्यामुळे भाच्याचा आणि त्याचा तळ निराळा, पण तो पहिला फोन मात्र हुबेहूब तसाच. धागालेखकांच्या बहिणीला माझा नमस्कार सांगावा. मीही त्याला मध्येच हाक मारली होती.

इराकच्या वेळी मरीन कोअरने 'मोटोमेल' नावाची सोय केली होती. ती २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली. घरी संगणकावर पत्र लिहायचे, ते इराकमधल्या तळावर छापले जाई, यंत्रानेच घडी घालून बंद होई आणि मुलाच्या हाती पडे. फोटो, फिल्म, छपाई ही जी परंपरा वर आली आहे, तीच ही. मी रोज रात्री लिहीत असे आणि प्रत्येक पत्राला क्रमांक घालत असे, कारण चार पत्रे एकदम पोचली तर कोणते आधीचे हे त्याला कळावे. क्रमांक घालण्याची ही सवय ज्यांची मुले आज बाहेर आहेत त्यांनी अवश्य लावून घ्यावी. माझा शेवटचा क्रमांक १९६ होता.

संगणकावर लिहीत होते म्हणून माझ्याकडे प्रती आहेतच, असे मी धरून चालले होते. तो संगणक बिघडला, नवा आला, जुना आम्ही देऊन टाकला. दोन वर्षांनी लक्षात आले की पत्रे त्यात होती. मुलाकडे छापलेली दहाबारा राहिली आहेत आणि त्यांत क्रमांक ४१ आहे, ज्यात मी केवळ फरसबी कशी लावली ते लिहिले आहे. तो म्हणतो, तेच सगळ्यांत जास्त वेळा वाचले. ज्यांत मी धीर देणारे, विचारपूर्वक लिहिले होते, त्यांतले एकही त्याने ठेवलेले नाही. मी त्याला कारण विचारले तेव्हा तो म्हणाला की ती वाचताना तू घाबरली आहेस हे दिसायचे.


टपालपेटी

दोन अंगणे यांनी जे लिहिले आहे, ते आमच्याकडच्या उस्तादांना, म्हणजे सैन्यातल्या प्रशिक्षकांना, पक्के माहीत होते. भरती झालेल्या मुलांच्या घरच्यांना ते सांगत की रडगाणे लिहू नका आणि उपदेशही लिहू नका, गोठ्यात काय चालले आहे ते लिहा.

त्या विहिरीच्या पत्राचा मुलगा सुखरूप घरी गेला, हे सांगायचे राहून गेले होते.


कृष्णाकाठ

या धाग्याचा दुवा मी भाच्याला पाठवला होता आणि काल त्याचा फोन आला. एकतीस पत्रांपैकी चार त्याच्याजवळ आहेत. उरलेली प्रशिक्षण संपताना सामान आवरायच्या घाईत गेली. त्या चारांतली तीन ताईची आहेत आणि एक आजीचे.

आजीच्या त्या पत्राविषयी त्याने मला एक गोष्ट विचारली. तिच्या प्रत्येक पत्रात 'श्री'च्या शेजारी एक काळा, वेडावाकडा ठिपका होता. शाई सांडली असेल, असे त्याला तेव्हा वाटले होते, पण एकाच जागी दर वेळी शाई कशी सांडेल, असे तो म्हणाला. मी मूळ कागद काढून पाहिले. आई प्रत्येक पत्र लिहून झाल्यावर कुंकवाचे बोट लावत असे. ताईचे यंत्र काळ्या शाईचे असल्यामुळे पॅरिस आयलंडला तो ठिपका काळा पोचला. ओठांच्या लाल ठशांविषयी अभिलेख यांनी लिहिले आहे, ते मी त्याला वाचून दाखवले.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. अकरा मूळ कागदांपैकी पाच त्याला पाठवायचे आणि सहा वाईला ठेवायचे, असे आमचे ठरले आहे. त्याने पाच कोणते हवेत ते क्रमाने सांगितले, त्यात सातवे पहिले आहे. सातवे दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानामागे लिहिलेले असून त्याचा कागद घडीवर विरला आहे, त्यामुळे ते कसे पाठवावे याविषयी टपालपेटी यांचा सल्ला हवा आहे.


टपालपेटी

घडी घालू नका. दोन पातळ पुठ्ठ्यांच्या मध्ये आम्लविरहित कागदात सपाट ठेवा, कडेने चिकटपट्टी लावू नका, पुठ्ठ्यांना दोऱ्याने बांधा आणि ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मग पाकिटात ठेवा. नोंदणी करूनच पाठवा. कुंकू कोरडे असते आणि घासले तर निघते, म्हणून त्या जागेवर पातळ कागदाचा एक वेगळा तुकडा ठेवायला विसरू नका.